आजचं चिंतन : सखूचं काम चालायचं होतं



गेले काही दिवस आपण रोज एक संतकथा वाचतोय. सखूची कथा मी दोनदा पुढे ढकलली. एकदा ऑफिसात रिलीज आहे म्हणून आणि एकदा खोटं कारण देऊन. खरं कारण आज सांगते. या कथेने मला तीन वर्षं एका घरात बांधून ठेवलं आणि याच कथेने बाहेरही काढलं. म्हणजे कथेचा दोष नाही, मी ती चुकीच्या जागी उभी राहून वाचत होते.

माझं आजोळ कराडचं. सखूही कराडची. त्यामुळे आजी ही कथा अशी सांगायची की जणू चार घरं पलीकडची मुलगी. कृष्णेच्या घाटावर पाणी भरायला गेलेली सखू, समोरून टाळ वाजवत निघालेले वारकरी, आणि एकाएकी तिला वाटतं, आपणही जावं. घागर तिथेच ठेवून ती त्यांच्यात मिसळते. शेजारीण घरी जाऊन सांगते. नवरा येतो, तिला मारत फरफटत घरी नेतो. सासू-सासरे आणि तो मिळून तिला खांबाला बांधतात. दोरी इतकी आवळून की अंगात रुतते. खायला नाही, प्यायला नाही.

मग एक बाई येते. सखूला विचारते, पंढरीला जायचंय ना? जा तू, तुझ्या जागी मी उभी राहते. ती दोरी सोडते, सखू निघते, आणि ती बाई स्वतःला त्याच खांबाला बांधून घेते. ती बाई म्हणजे विठोबा.

पुढे कित्येक दिवस देव त्या खांबाला बांधलेला. शेवटी ही मेली तर आपल्यावर येईल या भीतीने नवरा दोरी सोडतो. मग विठोबा सखूच्या रूपात त्या घरात राबतो. झाडलोट करतो, दळतो, पाणी भरतो, स्वयंपाक करतो. त्याच्या हातचं जेवून त्या तिघांची मनं पालटतात. आजी इथे डोळ्याला पदर लावायची आणि म्हणायची, "देवानं जातं ओढलं गं तिच्यासाठी!" प्रभातने १९४१ साली 'संत सखू' हा सिनेमा काढला होता, तो तिने लहानपणी पाहिला होता. खांबाचा प्रसंग ती सिनेमातला सांगायची की पोथीतला, ते तिलाही वेगळं करता यायचं नाही.

लग्न झालं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. इंजिनियर, बऱ्या पगाराची नोकरी, पुण्यात स्वतःचं भाड्याचं घर. मुद्दाम सांगते, कारण 'शिकलेल्या मुलीच्या बाबतीत असं होत नाही' असं मलाही वाटायचं. मारहाण ही सुरुवात नव्हतीच. सुरुवात एका साध्या गोष्टीने झाली. माझ्या बँकेचा मोबाईल नंबर बदलून त्याचा टाकला, 'तू ऑफिसात बिझी असतेस' म्हणून. मला ते प्रेम वाटलं. सहा महिन्यांनी माझ्याच पगारातून माझ्या आईला साडी घ्यायची तर ओटीपी त्याच्याकडे मागायला लागायचा. मग फोनवर सतत लोकेशन चालू. मग ऑफिसातल्या मुलांची नावं घेऊन प्रश्न. मग मैत्रिणी एकेक करून वाईट ठरल्या. मग आवाज, दारं आपटणं, ताट भिरकावणं. हात उचलला तो चार वेळा. मी 'चारच वेळा' म्हणायचे. मोजून ठेवले होते, म्हणजे फार नाहीत हे स्वतःला पटवता यावं.

आणि प्रत्येक वेळेनंतर तो रडायचा. पाया पडायचा. एकदा तर गजरा घेऊन आला आणि आम्ही महाबळेश्वरला गेलो. तिथले ते दोन दिवस इतके छान होते की मला वाटलं, हाच खरा तो, बाकीचं त्याच्यावरचं टेन्शन. हे चक्र असतं, ताण वाढतो, स्फोट होतो, मग मध, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी त्या मधाच्या दिवसांवर जगत होते.

आता पोथी कुठे येते ते सांगते. मी रोज सकाळी साडेपाचला उठून वाचन करायचे. तो उठायच्या आधीचा तो पाऊण तास माझा होता. नामाने मला जिवंत ठेवलं, यात शंका नाही. पण त्याच वाचनातून मी एक हिशेबही मांडला होता. सखूने सोसलं, शेवटी घरचे पालटले. मीही सोसेन, सेवा करेन, उलट बोलणार नाही, एक दिवस तो पालटेल. रोज सकाळी मी त्या कथेच्या शेवटच्या पानाची वाट बघायचे. एका मावशींनी भर घातली, "प्रारब्ध असतं बाळा, भोगून संपवावं."

मंडळी, जरा कथा परत बघा. घरात राबून त्या माणसांना पालटवलं ते कोणी? सखूने? नाही. ते विठोबाने केलं. खांबाला बांधून घेणं, मार सोसणं, दळण दळणं, दगडाला पाझर फोडणं, हा सगळा देवाचा भाग आहे. सखूच्या वाट्याला एकच काम होतं. दोरी सुटली की चालायला लागायचं. ती उंबऱ्यात थांबून म्हणाली नाही की माझ्याशिवाय यांच्या जेवणाचं कसं होईल. निघाली.

मी तीन वर्षं विठोबाची भूमिका करत होते आणि त्याला भक्ती म्हणत होते. एका माणसाला पालटवण्याइतकी माझी शक्ती आहे, हा अहंकारच होता खरं तर, नम्रतेचा शेला पांघरलेला. हे स्वतःबद्दल म्हणते आहे. कुठल्या मुलीला कुणी 'तुझाच अहंकार' असं ऐकवू नये, ती आधीच खूप ऐकून घेत असते.

आणि प्रारब्धाचं म्हणाल, तर सखूचं प्रारब्ध खांब असेल तर विठोबाने त्यात ढवळाढवळ का केली? त्याने बाजूला उभं राहून 'भोगून संपव' असं सांगितलं नाही. आल्या आल्या आधी गाठ सोडली. मावशींना हे मी अजून बोललेले नाही. बोलेन कधीतरी.

माझी गाठ सोडायला आली ती माझ्या टीममधली एक सिनियर. मी तिला ताई म्हणते. देवाधर्माचं तिला फारसं काही नाही, एकादशीला मिसळ खाते. एकदा पार्किंगमध्ये तिने मला थांबवलं. काय झालंय, का सोसतेस, सोडत का नाहीस, यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आज घरी जायला भीती वाटतेय का गं?" तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हो म्हणाले, आणि ते स्वतःच्या कानाने ऐकलं.

त्यानंतर आम्ही पाच आठवडे तयारी केली. ऑफिसच्या पत्त्यावर नवीन बँक खातं. आधार, पासपोर्ट, डिग्रीची सर्टिफिकेटं, लग्नाचा दाखला, एकेक कागद ऑफिसात आणून तिच्या ड्रॉवरमध्ये. निघायचा आठवडा नेमका माझा ऑन-कॉलचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या आठवड्यात सिस्टीम रात्री कधीही पडली तरी उठून बघायचं असतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. ताई म्हणाली, "पुढच्या नाही. तू जा, तुझ्या जागी मी बसते." त्या रात्री तिला तीनदा उठावं लागलं, हे मला नंतर कळलं. 'तुझ्या जागी मी' हे शब्द मी आधी कुठे ऐकले होते ते मला त्या दिवशी आठवलं नाही. पुष्कळ महिन्यांनी आठवलं आणि मी लॅपटॉप बंद करून रडले. शंख-चक्र घेऊन देव कधी आला असेल ते मला माहीत नाही. सखूकडे तो बाईच्या रूपात आला होता, हे कथेत स्पष्ट आहे.

आई फोनवर म्हणाली, "जरा दमानं घे, लोक काय म्हणतील." बाबा काही बोलले नाहीत. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने आले, माझी बॅग उचलली आणि परत एसटीत बसवलं. संपूर्ण प्रवासात त्यांनी मला एकच विचारलं, चहा घेणार का.

इथे माझी कथा संपेल असं मला वाटलं होतं. सुटले, आता आनंद. आणि इथेच मला सखूच्या कथेचा तो भाग भेटला जो आजी घाईघाईत सांगून टाकायची.

सखू पंढरपूरला पोचते. विठोबासमोर उभी राहते. आता इथून हलायचं नाही असा निश्चय करते. आणि तिथेच तिचा देह पडतो. मरते ती. खांबाला बांधलेली असताना नाही मेली, मार खाताना नाही, उपाशी असताना नाही. सुखरूप पोचल्यावर, जिवलगाच्या दारात पडली. ओळखीचा एक ब्राह्मण तिला तिथेच अग्नी देतो.

माहेरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. मग झोप गेली. शेजारच्या दाराच्या कुलुपात किल्ली फिरली तरी माझी पाठ ताठ व्हायची, कारण ती किल्ली फिरली की त्याचा मूड ओळखायचा, हे शरीराला पाठ झालं होतं. आईने भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तर मी चार वेळा माफी मागायचे. आणि सगळ्यात लाजिरवाणं वाटायचं ते हे की मला त्याची आठवण यायची. महाबळेश्वरची. फोन हातात घेऊन नंबर काढायचे आणि ठेवायचे. नाम घ्यायला बसलं की शब्द तोंडात कोरडे. पोथी उघडवेना. जी पोथी त्या घरात रोज वाचली ती या मोकळ्या घरात वाचता येईना, म्हणजे माझी भक्तीसुद्धा भीतीचीच होती का, असा प्रश्न पडला. लोक म्हणायचे, आता तर सुटलीस, आता काय?

तुमच्यापैकी कुणी आत्ता या टप्प्यावर असेल तर ऐका. सुटल्यावर कोसळणं म्हणजे निर्णय चुकला असं नाही. तिथे पडायला वेळच नव्हता. पुढचा वार कुठून येतो हे बघण्यात सगळी ताकद जात होती. जागा सुरक्षित आहे हे शरीराला कळलं की मग ते इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं खाली ठेवतं. त्याची आठवण येणं म्हणजेही प्रेम खरं होतं आणि आपण अन्याय केला, असं नाही. इतकी वर्षं ज्याच्या चेहऱ्यावर दिवस ठरायचा, तो चेहरा मन शोधत राहतं.

कथेत पुढे रुक्मिणी येते. विठोबा तिकडे कराडला सखूच्या घरात अडकलेला, इकडे सखूची राख झालेली. रुक्माई तिच्या अस्थी गोळा करते आणि तिला पुन्हा उभी करते. एकेक हाड वेचून. मला हे चित्र फार खरं वाटतं. दोरी सोडणं एका क्षणाचं काम. अस्थी वेचणं वेळखाऊ, खाली बसून, माती चाळत करायचं काम.

माझ्या अस्थी वेचल्या त्या एका समुपदेशक बाईंनी, दर शनिवारी, जवळजवळ दीड वर्ष. डॉक्टरांनी काही महिने गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या. नामस्मरण असताना गोळ्या कशाला असं विचारणाऱ्यांना मी विचारते, चष्मा का लावता? आजीने वेचल्या. मी कराडला राहायला गेले तेव्हा ती रोज संध्याकाळी मला प्रीतिसंगमावर घेऊन जायची आणि काही न बोलता बसायची. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात तिथे, ते बघत. पहिल्यांदा पूर्ण झोप लागली, पहिल्यांदा कुणाला न विचारता साडी घेतली, पहिल्यांदा स्टँड-अप मीटिंगमध्ये 'मला हे पटत नाही' म्हणाले, अशी हाडं. काही अजून सापडायची आहेत. कुणी मागून मोठ्याने हाक मारली की मी आजही दचकते.

सखू म्हणते, मी तर इथून हलणार नाही असा निश्चय केला होता. रुक्मिणी उत्तर देते की तो निश्चय ज्या देहाने केला तो जळाला, हा नवा देह आहे. मी हे वाक्य लग्नातल्या वचनांसाठी वापरते. जिने ती दिली ती मुलगी मनापासून देत होती. ती आता नाही.

मग सखू घरी परत जाते, आणि घरचे शरण येतात. इथे मी कथेशी भांडते. भांडण विठोबाशी नाही, ती कथा आपल्याला अर्धी ऐकवणाऱ्यांशी आहे. 'बघ, सखूही परत गेलीच ना!' ती परत गेली तेव्हा त्या घरात देव राहून गेला होता. आमच्या घरात दुसऱ्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली होती. पालटलेला माणूस आणि रडणारा माणूस यांत फरक असतो. पालटलेला माणूस तुम्ही परत याल अशी अट घालत नाही. क्षमेचं विचाराल तर त्याचं वाईट व्हावं असं मला आता वाटत नाही, काही दिवस सोडले तर. पण त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे नको, आणि माझ्या घराची त्याच्याकडे नको. या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

आणखी एक नाव आज घ्यावंसं वाटतं. संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या, १६२८ ते १७००. नवऱ्याने मारलं हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः सांगितलं आहे. त्या घर सोडून गेल्या नाहीत, पतिसेवेचं महत्त्वही त्यांनी सांगितलं, आणि मला ते सगळं पटतं असं नाही. त्या काळी त्यांच्यासाठी दुसरं दार कुठलं होतं? पण सतराव्या शतकातली एक बाई देवाचं नाव घेते आणि त्याच तोंडाने 'मला मारलं' असंही म्हणते. घरातलं बाहेर बोलू नये हा संस्कार जर धर्माचा असता तर संतांनी तो पाळला असता.

आता कामाचं. दार आज आहे, म्हणून सांगते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. शिवीगाळ, मानसिक छळ, पैसे अडवून धरणं, हे सगळं त्यात येतं. लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या मुलींनाही तो लागू आहे. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, ते अर्ज करायला मदत करतात, आणि कोर्ट त्याला तुमच्यापासून लांब राहायचा आदेश देऊ शकतं. महिलांना सरकारी मोफत वकील मिळतो, तुमचा पगार कितीही असो. मला हे माहीत नव्हतं, मी आयटीतली आहे म्हणून मिळणार नाही असं धरून चालले होते. महिला हेल्पलाईन १८१, जीवाला धोका असेल तर ११२, मन पार बुडत असेल तर टेलिमानस १४४१६. ज्या मुलग्यांचा घरात असाच छळ होतो त्यांना हा कायदा लागू नाही, पण ११२ आणि १४४१६ त्यांच्यासाठीही आहेत, आणि लाज त्यांचीही नाही.

माझ्या धंद्यातलं थोडं. निघायचं ठरवत असाल तर लोकेशन आणि पासवर्ड एकदम सगळे बदलू नका. समोरच्याला लगेच कळतं, आणि निघण्याच्या आसपासचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. आधी त्याला माहीत नसलेला एक नवा ईमेल, शक्यतो दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून. कागदांचे फोटो तिकडे. नवं बँक खातं. निघाल्यावर, सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर, मग बाकीचं सगळं बदला. अकाउंट रिकव्हरीचा नंबर बघायला विसरू नका, माझा दोन महिने त्याचाच होता.

आणि ज्यांच्या ओळखीत अशी कुणी आहे त्यांनी सल्ला देऊ नका. भीती वाटते का एवढं विचारा, आणि तिच्या जागी काहीतरी धरा. तिची शिफ्ट, तिचं मूल शाळेतून आणणं, तिचे कागद ठेवायला एक ड्रॉवर.

गेल्या आषाढीला मी आणि ताई पुण्याहून सासवडपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चाललो. दिवे घाटात तिचे पाय सुजले आणि ती मला म्हणाली, "तुझा विठोबा लिफ्ट का नाही बसवत?" मी तिला ही कथा अजून सांगितलेली नाही. सांगितली तर ती हसेल.

उद्या आपण जनाबाईंकडे जाऊ. आणि तू, जी हे रात्री बाथरूमचं दार लावून फोनवर वाचते आहेस, वाचून झालं की हिस्ट्री पुसून टाक.

राम कृष्ण हरी.